आजोबा यादीत आहेत, सूनबाई नाहीत

२०२५ च्या नोव्हेंबरात मतदारयाद्यांच्या विशेष सखोल पुनरीक्षणाचे, म्हणजे ज्याला सगळे इंदूर 'एस.आय.आर.' म्हणत होते त्याचे, फॉर्म घरोघर वाटले जात होते. आमच्या भागातल्या बी.एल.ओ. बाईंबरोबर मी चार-पाच संध्याकाळी फिरलो. बाई सरकारी शाळेतल्या शिक्षिका, हिंदीभाषक. आमच्याकडच्या एकेका आडनावापाशी त्या अडत, म्हणून सोबतीला मंडळातले कोणी तरी असावे असे ठरले आणि ते काम निवृत्त माणसाकडे, अर्थात माझ्याकडे आले.

एका जुन्या घरात बाईंनी सहा फॉर्म काढून टेबलावर मांडले. पहिला आजोबांचा. त्यांना जाऊन नऊ वर्षे झाली. दुसरा आजींचा. तिसरा थोरल्या मुलाचा, जो वीस वर्षे पुण्यात आहे. चौथा त्याच्या पत्नीचा, तीही अर्थात पुण्यातच. पाचवा धाकट्या मुलाचा, जो इथे राहतो. सहावा मुलीचा, जिला नागपूरला दिल्याला एक तप उलटले. सहांपैकी दोनच माणसे त्या घरात राहत होती. आणि चहाचा ट्रे घेऊन जी बाहेर आली, जी चौदा वर्षांपूर्वी साताऱ्याकडून लग्न होऊन या घरात आली, जिची दोन्ही मुले इथल्या शाळेत जातात, जी आजींना दवाखान्यात नेते आणि नळाला पाणी आले नाही तर झोन कार्यालयात फोन करते, तिचा फॉर्म त्या गठ्ठ्यात नव्हताच. तिचे नाव अजून माहेरच्या गावच्या यादीत, माहेरच्या नावाने. चौदा वर्षांत तिने एकदाही मत दिलेले नव्हते. विचारले तर धाकटे चिरंजीव ओशाळून म्हणाले, "राहूनच गेलं, काका."

मग आजोबांच्या फॉर्मची गोष्ट निघाली. बाई हळूच म्हणाल्या, "आंटीजी, इस पर लिखना पड़ेगा कि अब नहीं हैं." आजींनी फॉर्म हातात घेतला, त्यावरचा धूसर फोटो पाहिला आणि परत ठेवला. म्हणाल्या, "रेशनकार्डावरून काढलं, बँकेतून काढलं, तेव्हा मुलं गेली होती. माझ्या हातानं नका काढायला लावू."

यावर कोणी काय बोलणार? आम्ही उद्या येतो म्हणून उठलो. पण रस्ताभर माझ्या मनात तेच घोळत होते. त्या घराने गेलेल्या माणसाचे नाव जिवापाड जपले आणि जिवंत सुनेचे नाव घालायचे विसरले. हे एकाच घराचे असते तर लिहायला बसलो नसतो. त्या चार-पाच संध्याकाळी आपल्या जुन्या वस्तीत थोड्याफार फरकाने घरोघर हेच दिसले. आपण मतदारयादीला वाड्याच्या दारावरची पाटी समजून बसलो आहोत. पणजोबांचे नाव आहे, राहू द्या, शोभेचे आहे.

बंधुभगिनींनो, ती पाटी नाही. ती आपल्या हाती असलेली एकमेव गोष्ट आहे, हे मला या लेखात सांगायचे आहे, आणि त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज होळकरांच्या चाकरीनिमित्त माळव्यात आले. कोणी फडणिशीत, कोणी फौजेत, कोणी देवस्थानात, कोणी मागाहून शाळामास्तर किंवा वकील म्हणून. ग्वाल्हेरला शिंद्यांकडे आणि बडोद्याला गायकवाडांकडे हीच कथा. त्या राजवटींबद्दल आपल्याला आदर आहे आणि तो असावाच. पण त्या काळात आपले पणजोबा प्रजा होते. दरबारात त्यांनी द्यायची गोष्ट एकच, ती म्हणजे अर्जी. अर्जी मान्य होणे न होणे मालकाच्या मर्जीवर. तिकडे ब्रिटिश प्रांतांत १९३५ च्या कायद्याखाली निवडणुका होत, पण मत देण्याचा हक्क शेतसारा, कर, शिक्षण अशा अटींत बसणाऱ्यांनाच होता. बहुसंख्य प्रौढ बाहेरच होते. संस्थानी मुलखाला तर त्या निवडणुकाही लागू नव्हत्या.

१९४७ नंतर जे घडले ते आपण शाळेत दोन ओळींत वाचले आणि विसरलो. राज्यघटना अजून लिहून पुरी व्हायची होती, तेव्हाच घटनासमितीच्या सचिवालयाने प्रौढ मतदानाच्या तत्त्वावर मतदारयाद्या तयार करायला घेतल्या. म्हणजे घटना २६ जानेवारी १९५० ला लागू झाली, पण मतदार म्हणून माणसांची नोंद त्याआधीच सुरू झालेली होती. फाळणीचे निर्वासित रस्त्यावर, संस्थाने विलीन होताहेत, लिहिता-वाचता येणारे थोडे, आणि अशात घरोघर फिरून एकवीस वर्षांवरच्या प्रत्येकाचे नाव लिहायचे! पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी, म्हणजे १९५१-५२ साठी, सुमारे १७ कोटी ३० लाख नावे यादीत आली. ज्या इंदुरात तोवर कोणाला राज्यकर्ता निवडता आला नव्हता त्या इंदुरात, तेव्हाच्या मध्यभारत राज्यात, होळकरांच्या माजी सरदाराला आणि त्याच्या मोतद्दाराला एकेकच मत मिळाले.

पण माझ्या दृष्टीने याहून मोठी गोष्ट १५ जून १९४९ ची आहे. त्या दिवशी घटनासमितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी निवडणूक आयोगाविषयीच्या कलमात मोठा बदल सुचवला. आधीच्या मसुद्यात केंद्राच्या निवडणुकांसाठी एक आयोग आणि प्रांतांच्या निवडणुकांसाठी प्रांतांचे वेगळे आयोग अशी सोय होती. बाबासाहेबांनी सांगितले की हे चालणार नाही. संसदेच्या आणि विधानसभांच्या याद्या आणि निवडणुका एकाच केंद्रीय, स्वतंत्र आयोगाकडे हव्यात. कारण काय दिले? तर काही प्रांतांतून तक्रारी येत होत्या की जी माणसे वंशाने, संस्कृतीने किंवा भाषेने त्या प्रांतातल्या बहुसंख्यांपैकी नाहीत त्यांची नावे यादीत येऊच नयेत अशी व्यवस्था तिथले अधिकारी करत आहेत. नुसत्या स्थानिक पूर्वग्रहापोटी माणसाचे मत काढून घेणे हे लोकशाहीच्या मुळावर येणारे आहे, असा त्यांचा मुद्दा होता. त्यातून आजचे ३२४ वे कलम झाले. त्याच्या पाठोपाठ ३२५ वे आले: प्रत्येक मतदारसंघाला एकच सर्वसाधारण यादी, आणि धर्म, वंश, जात, लिंग यावरून कोणालाही तीतून वगळायचे नाही. ३२६ वे प्रौढ मतदानाचे. त्यातले २१ हे वय एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून १८ झाले.

भाषेने त्या प्रांतातले नसलेले, म्हणजे कोण? आपणच की! इंदूरचे, उज्जैनचे, देवासचे मराठी, बडोद्याचे, हैदराबादचे, बेळगावचे मराठी. तक्रारी कदाचित दुसऱ्याच प्रांतांतल्या असतील. निर्वासितांच्या नोंदीवरून तेव्हा आसामात पुष्कळ वाद होता. माळव्यात मराठी माणसाला यादीबाहेर ठेवायचा कोणी डाव केला असे मला म्हणायचे नाही, आणि इथल्या हिंदीभाषक शेजाऱ्यांनी आपल्याला कधी परके मानले नाही, हे कृतज्ञतेने नोंदवले पाहिजे. पण देशाच्या निवडणूकव्यवस्थेचा ढाचा ठरवताना दुसऱ्या भाषेच्या प्रदेशात राहणाऱ्या माणसाचा विचार मुद्दाम केला गेला, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? बाबासाहेबांनी जे आपल्याकडून कोणी हिरावून घेऊ नये म्हणून तजवीज केली, ते आपण "राहूनच गेलं" म्हणून घालवतो आहोत.

आता बायकांच्या नावांकडे येऊ, कारण या पुनरीक्षणात सर्वांत जास्त घोळ तिथे झाला.

पहिल्या निवडणुकीच्या वेळी यादी करणारे दारात आले की अनेक बाया स्वतःचे नाव सांगत नसत. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत असा कडक निर्णय घेतला. परिणामी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीत राहिली नाहीत. हा आकडा मुख्यतः बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य प्रदेश, विंध्य प्रदेश आणि आपल्या मध्यभारतातला होता. त्यांत मराठी किती हे कोणी मोजलेले नाही. आपल्या आज्या शिकलेल्या होत्या, त्यांनी नाव सांगितले असेल, असे मानायला मला आवडते. पण नाव घेणे म्हणजे उखाण्यात नवऱ्याचे नाव घेणे, हीच जिथे रीत, तिथे शपथेवर कसे सांगू?

आणि आपली दुसरी रीत तर खास आपलीच आहे. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने सुनेचे नवे नाव लिहितात. माहेरची सुनंदा सासरी मृणालिनी होते, आणि बापाच्या नावाच्या जागी नवऱ्याचे नाव व आडनावाच्या जागी सासरचे आडनाव येते. म्हणजे तिन्ही शब्द बदलले! हौसेची गोष्ट आहे, मला त्यावर टीका करायची नाही. पण या वेळी जुन्या यादीशी, म्हणजे मध्य प्रदेशाच्या बाबतीत २००३ च्या यादीशी, प्रत्येकाची सांगड घालायची होती. ज्यांचे नाव तेव्हा नव्हते त्यांनी आई-वडिलांचे किंवा आजी-आजोबांचे नाव दाखवायचे होते. सासऱ्यांचे नाव चालत नव्हते, आणि ते बरोबरच आहे. मग साताऱ्याच्या, अकोल्याच्या, रत्नागिरीच्या लेकींची धावपळ सुरू झाली. वडिलांचे नाव महाराष्ट्रातल्या त्या काळच्या यादीत शोधा. तिथे ते कोणत्या मतदारसंघात, कोणत्या भागात, कितव्या अनुक्रमांकावर, ते काढा. आणि मग सुनंदा हीच मृणालिनी, हे सिद्ध करा. कोणी तीस वर्षांपूर्वीची लग्नपत्रिका घेऊन आले. एका बाईंकडे राजपत्रात छापलेला नावबदल निघाला. त्यांच्या वडिलांच्या दूरदृष्टीला मी तिथेच नमस्कार केला.

त्यातच आपला 'ळ'. हिंदीत हे अक्षर चालत नाही. तेव्हा यादीत काळे झाले काले, गोळे झाले गोले, आणि कुळकर्णी तर कधी कुलकर्णी, कधी कुलकरनी. एकाच घरात बापाचे आडनाव एका तऱ्हेने, मुलाचे दुसऱ्या तऱ्हेने. वर्षानुवर्षे आपण हसून सोडून दिले. 'इनको ळ बोलना नहीं आता' हा आपला आवडता विनोद. पण जेव्हा संगणक बापलेकांची नावे जुळवायला बसतो तेव्हा त्याला विनोद कळत नाही. दुरुस्तीचा ८ नंबरचा फॉर्म भरायला पंधरा मिनिटे लागतात. मीही तो इतकी वर्षे भरलेला नव्हता, हे कबूल करतो.

एक गोष्ट मात्र परखडपणे सांगितली पाहिजे, तिने काही मंडळी नाराज होतील. समाजाच्या बैठकीत एक ज्येष्ठ म्हणाले, "पुण्याला गेलेल्या मुलांची नावे इथे असतील तर असू द्यावीत. आपल्या समाजाची संख्या दिसते, पुढारी विचारतात." मला हे मुळीच पटत नाही. कायदा स्पष्ट आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे माणूस जिथे सामान्यतः राहतो तिथेच त्याची नोंद होते. वडिलोपार्जित घर तिथे आहे, त्यात आपला हिस्सा आहे, एवढ्याने कोणी तिथला रहिवासी ठरत नाही. एका माणसाचे नाव दोन मतदारसंघांत असू शकत नाही, आणि फॉर्मवर जाणूनबुजून खोटे लिहिले तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहे. उलट काही दिवसांसाठी बाहेरगावी असलेल्या माणसाचे नाव मात्र तेवढ्यावरून जात नाही. शिकायला वसतिगृहात राहणाऱ्या मुलाने घरच्या पत्त्यावर नाव ठेवावे की शिकतो तिथे घालावे, ही निवड त्याची आहे. नोकरीसाठी परदेशी गेलेला, पण अजून भारताचाच नागरिक असलेला मुलगा २०१० च्या दुरुस्तीमुळे '६ अ' फॉर्म भरून पासपोर्टावरच्या इथल्या पत्त्यावर नाव ठेवू शकतो. मत द्यायला मात्र त्याला इथे यावे लागेल. ज्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले त्याचा हा हक्क संपला. आईवडिलांना कितीही वाईट वाटले तरी संपला.

हे कायद्याचे झाले. व्यवहाराचे बोलायचे तर, गैरहजर माणसांच्या नावांवर उभी केलेली संख्या कोणता पुढारी खरी मानतो? मतदानाच्या संध्याकाळी प्रत्येक पक्षाच्या बूथवरच्या पोराला आपल्या गल्लीतून किती जण आले हे ठाऊक असते. शंभर नावे आणि चाळीस मते, हा हिशेब आपल्या समाजाची ताकद दाखवतो की आळस? शिवाय अशी पडून राहिलेली नावे म्हणजे दुसऱ्या कोणाला गैरवापरासाठी दिलेले आमंत्रण. पुण्याला गेलेल्या मुलाने पुण्यात नाव नोंदवावे. तिथल्या रस्त्यांवरून तो रोज जातो, तिथल्या नगरसेवकाला जाब विचारायचा अधिकार त्याला तिथे हवा आहे.

आता नाव कापले जाण्याविषयी. या पुनरीक्षणात सगळ्यांच्या मनात धास्ती होती, आणि ती अगदीच अनाठायी होती असे मी म्हणणार नाही. जो कार्यक्रम एका महिन्यात घरोघर पोचायचा होता त्याची मुदत पुढे वाढवावी लागली, यातच काय ते आले. पण धास्तीला उतारा माहिती हाच आहे. एकदा यादीत असलेले नाव अधिकाऱ्याला वाटले म्हणून काढता येत नाही. संबंधित माणसाला नोटीस देऊन, त्याचे म्हणणे ऐकूनच निर्णय करावा लागतो. १९९५ मध्ये लाल बाबू हुसेन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते की आधीच्या यादीत नाव आहे म्हणजे ते रीतसर चौकशी करूनच घातले असणार, असे धरून चालले पाहिजे. बिहारमधल्या पुनरीक्षणाच्या वेळी मसुदा यादीतून सुमारे ६५ लाख नावे गळली, तेव्हा १४ ऑगस्ट २०२५ रोजी त्याच न्यायालयाने ती नावे कारणांसह जाहीर करायला लावली. अधिकाऱ्याचा निर्णय पटला नाही तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील आहे, त्यावर राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरे अपील आहे. या सगळ्या पायऱ्या कागदावर आहेत. त्या चढणारा माणूस लागतो.

मीच एकदा चढलो नव्हतो. काही वर्षांपूर्वी एका विधानसभा निवडणुकीत सकाळी अंघोळ-पूजा करून, ओळखपत्र खिशात घालून मी केंद्रावर गेलो. यादीत पत्नीचे नाव होते, माझे नव्हते. मी ओळखपत्र नाचवले, चाळीस वर्षे इथे मत देतो आहे म्हणून आवाज चढवला. तिथल्या अधिकाऱ्याने शांतपणे सांगितले की यादीत नाव नसेल तर मत नाही. त्याचे बरोबर होते. १९९३ पासून आलेले ते फोटोचे कार्ड आपण कोण हे सांगते. मत देण्याचा हक्क यादीतल्या नोंदीने मिळतो. नाव का गेले ते विचारायला दुसऱ्या दिवशी कचेरीत गेलो तर कोणाला काही सांगता येईना. खरे तर मी लेखी अर्ज द्यायला हवा होता. दोन खिडक्या फिरलो, ऊन लागले, "जाऊ दे" म्हणून घरी आलो आणि पुढच्या वर्षी नवा ६ नंबरचा फॉर्म भरला. ते "जाऊ दे" मला आजही खुपते. निवडणुकीच्या महिनाभर आधी यादी एकदा पाहिली असती तर ही वेळ आली नसती.

काही तरुण मंडळी विचारतात की एवढे करून त्या मताचा उपयोग काय. इंदूरमध्ये तर ते हमखास २०२४ च्या लोकसभेचा दाखला देतात. मतदान १३ मे ला होते, आणि मुख्य विरोधी पक्षाच्या उमेदवाराने २९ एप्रिलला अर्जच मागे घेतला. लढत उरली नाही. भाजपचे शंकर लालवानी पावणेबारा लाखांच्या मताधिक्याने निवडून आले. ज्याने त्याने आपापल्या पक्षाप्रमाणे यावर मत बनवावे, आपली संस्था कोणत्या पक्षाची नाही. पण त्याच निवडणुकीत २,१८,६७४ लोकांनी 'नोटा'चे बटण दाबले, हेही सांगितले पाहिजे. 'नोटा'ने कोणी हरत नाही, हे खरे. तरी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाने आलेली ही सोय सव्वादोन लाख माणसांनी उन्हातान्हात रांगेत उभे राहून वापरली आणि देशभर त्याची चर्चा झाली. घरी बसून चिडलेल्या माणसाची नोंद कुठे झाली?

आणि लोकसभा ही काही एकच निवडणूक नव्हे. आपल्या रोजच्या जगण्याशी जिचा जास्त संबंध ती महापालिकेची. इंदुरात ८५ वार्ड आहेत. पार्षद निवडून येतो तो काही हजार मतांवर, आणि कधी शे-दोनशे मतांनी. त्यासाठीची यादी राज्य निवडणूक आयोग वेगळी तयार करतो. एका यादीत नाव आहे म्हणून दुसरीत असेलच असे धरू नये. आपल्या जुन्या मराठी शाळांचे काय होणार, वाचनालयासमोरचे अतिक्रमण कोण हटवणार, वाड्याच्या मागचे गटार कधी झाकणार, हे दिल्लीत ठरत नाही.

मराठी माणसाने मराठी उमेदवारालाच मत द्यावे असे यात सुचवायचे नाही. सुमित्राताई महाजन १९८९ पासून २०१४ पर्यंत सलग आठ वेळा इथून लोकसभेवर गेल्या आणि २०१४ ते २०१९ लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. त्या काही फक्त रामबागेच्या आणि लोकमान्य नगरच्या मतांवर नव्हे; सगळ्या शहराने त्यांना 'ताई' म्हटले म्हणून. बेळगावच्या आपल्या बांधवांची गोष्ट वेगळी. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून तिथे मराठी मत हाच एक प्रश्न आहे, आणि मताची किंमत त्यांना कोणी शिकवावी लागत नाही. आपल्याकडे सुख आहे, आणि सुखात माणूस सुस्तावतो.

तरुणांसाठी एक गोष्ट राहिली. पूर्वी वर्षातून एकच, १ जानेवारी ही तारीख धरून अठरा वर्षे मोजत. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा झाल्या आहेत, आणि सतरा पूर्ण झालेल्या मुलालाही आगाऊ अर्ज देता येतो. मुंजीची, बारशाची तारीख आपण काढतोच. घरातल्या नातवंडाचा सतरावा वाढदिवस झाला की त्याच आठवड्यात ६ नंबरचा फॉर्म भरून टाकावा. याला अर्ज म्हणतात तो केवळ शब्द जुना म्हणून. पणजोबांच्या अर्जीसारखी ती मर्जीची गोष्ट नाही. अटी पुऱ्या असतील तर अधिकाऱ्याला नाव घ्यावेच लागते.

त्या घरी आम्ही दुसऱ्या दिवशी परत गेलो. आजी तयार होऊन बसल्या होत्या. रात्री मुलाशी बोलणे झाले असावे. आजोबांच्या फॉर्मवर त्यांनी स्वतःच्या हाताने, मोडीच्या वळणाचे अक्षर असलेल्या मराठीत, निधनाची तारीख लिहिली आणि सही केली. पुण्याच्या मुलाचा, सुनेचा आणि नागपूरच्या लेकीचा फॉर्म 'स्थलांतरित' म्हणून परत गेला. मग सूनबाईंचे काम निघाले. साताऱ्याहून भावाने वडिलांच्या जुन्या यादीतल्या नोंदीचा फोटो पाठवला होता. ८ नंबरचा फॉर्म आणि घोषणापत्र भरून झाले, लग्नाचा दाखला जोडला. बाई मोबाइलवर नाव लिहीत होत्या तेव्हा आजी चष्मा लावून जवळ सरकल्या आणि म्हणाल्या, "आडनावात ळ घाला हं. आमच्या सगळ्यांचा ल केलाय तुम्ही."

बाई गोंधळल्या. कळफलकावर ते अक्षर त्यांना माहीत नव्हते. सूनबाईंनी मोबाइल हातात घेतला, 'ल' वर बोट दाबून धरले, वर आलेल्या अक्षरांतून 'ळ' निवडला आणि मोबाइल परत दिला.